यंत्राच्या कानावर घालायचे शब्द

"मी एवढं सावकाश, स्वच्छ बोलते, तरी संगणक भलतंच का लिहितो?" बोलून लिहिण्याचं सॉफ्टवेअर वापरायला लागलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. डॉक्टर विचारतात, वकील विचारतात, आणि आपल्या विषयाचे खास शब्द दिवसभर तोंडात असणारे शिक्षक तर विचारतातच. याच सॉफ्टवेअरला भाजीची यादी सांगा, ते धडाधड बरोबर लिहून काढतं. म्हणजे खोट तुमच्या उच्चारात नाही आणि मायक्रोफोनमध्येही नाही. खोट आहे यंत्राच्या शब्दसंग्रहात, आणि ती पुष्कळशी आपल्या हाताने दुरुस्त करता येते.

ती कशी करायची हे समजून घेण्यासाठी एखादा विषय धरून चालणं सोयीचं. मी संगीत निवडलं आहे, आणि गाव लखनौ.

१. लखनौचा वर्ग

१९२६ साली लखनौत 'मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक' सुरू झालं. त्यामागे होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. १८६० साली मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले, शिक्षणाने वकील. राय उमानाथ बली यांच्यासारख्या अवधच्या संगीतप्रेमी तालुकदारांनी हात दिला आणि संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचं नाव संस्थेला मिळालं. १९६६ साली तिला भातखंड्यांचं नाव दिलं गेलं. आज ती विद्यापीठ आहे, कैसरबागेत. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिथे वर्षानुवर्षं प्राचार्यपद सांभाळलं.

भातखंड्यांनी जन्मभर केलेलं एक मोठं काम म्हणजे ऐकून लिहिणं. उस्तादांच्या तोंडून बंदिशी ऐकायच्या आणि कागदावर उतरवायच्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अशा हजाराहून अधिक बंदिशी आहेत. पण ऐकलेलं लिहायचं तर आधी चिन्हं ठरलेली हवीत. त्यांनी ती ठरवली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. रागांची विभागणीही ठरवली, दहा थाटांत: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी.

ही दहा नावं आता संगीताशी संबंध नसलेल्या मराठी माणसाच्या कानाने ऐका. कल्याण हे ठाण्याच्या पुढचं जंक्शन. पूर्वी म्हणजे मागच्या काळी. काफी ऐकलं की कॉफी आठवते. बिलावल हे पाकिस्तानातल्या एका पुढाऱ्याचं नाव. थाट म्हणजे डामडौल, राग म्हणजे संताप, आणि रागातल्या प्रमुख स्वराला म्हणतात तो वादी म्हणजे कोर्टात दावा लावणारा. बोलून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरचा कान असाच घडलेला असतो. बातम्या, गप्पा, व्हिडिओ, पत्रव्यवहार अशा सर्वसाधारण भाषेवर तो तयार होतो, आणि त्या भाषेत काफी थाट क्वचितच येतो.

आता समजा, या परंपरेत शिकलेल्या एक मराठी शिक्षिका लखनौत राहतात. वर्गातल्या टिपणांचं पुस्तक मराठीत बोलून लिहायचं त्यांनी ठरवलं आहे. पहिलं वाक्य त्या सांगतात: "बागेश्री हा काफी थाटातला राग असून त्याचा वादी मध्यम आणि संवादी षड्ज आहे." पडद्यावर उमटतं: "भाग्यश्री हा कॉफी थाटातला राग असून त्याचा वादी मध्यम आणि संवादी सज्ज आहे."

हे वाक्य आपल्याला प्रकरणभर पुरेल.

२. ऐकणं आणि अंदाज

मायक्रोफोन आवाजाची मोजदाद करतो. अशा कामासाठी सहसा सेकंदाला १६,००० नोंदी घेतल्या जातात. मग सॉफ्टवेअर त्या प्रवाहातून सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला एक छोटी फोड उचलतं आणि तिच्यात कोणता ध्वनी असावा याचा अंदाज करतं. 'का' असेल की 'कॉ'? 'ष' असेल की 'स'? या टप्प्यावर त्याच्याकडे खात्री नसते, प्रत्येक शक्यतेला काही गुण असतात, एवढंच.

पावसात भिजलेलं पाकीट हातात आलेल्या पोस्टमनची कल्पना करा. शाई पसरली आहे, नाव अर्धंमुर्धं दिसतं आहे: जो, मग डाग, मग शी. तो काय करतो? अक्षरं जेवढी दिसतात तेवढी पाहतो आणि या गल्लीत कोण राहतं ते आठवतो. गल्लीत जोशी आहेत, म्हणून पत्र जोश्यांकडे जातं. कालच राहायला आलेले जोगळेशी नावाचे कुणी भाडेकरू असतील, तर त्यांचंही पत्र जोश्यांच्याच दारात पडणार. पोस्टमनचे डोळे अधू नाहीत. नवा बिऱ्हाडकरू आल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

सॉफ्टवेअरचं अगदी असंच चालतं. दिसणारी अक्षरं म्हणजे ध्वनी. गल्लीतली बिऱ्हाडं म्हणजे त्याचा शब्दसंग्रह. आणि कोणाकडे कोणाची पत्रं येतात याची पोस्टमनला असलेली माहिती म्हणजे भाषेचं प्रारूप, अर्थात कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो याचा हिशेब. आपल्याला शब्द शिकवायचे असतात ते या तिन्ही ठिकाणी. बहुतेक लोक फक्त दुसऱ्या ठिकाणी शिकवतात आणि मग निराश होतात.

३. यादीत नसलेला शब्द

१९५२ साली बेल प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचं यंत्र तयार झालं. ते शून्य ते नऊ एवढे आकडेच ओळखायचं. १९६२ साली आयबीएमने दाखवलेल्या 'शूबॉक्स'ला १६ शब्द येत होते. १९७६ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'हार्पी'ची मजल १,०११ शब्दांपर्यंत गेली. १९९० साली बाजारात आलेल्या 'ड्रॅगन डिक्टेट'मध्ये प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. १९९७ सालच्या 'ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग'ने सलग बोलण्याची मोकळीक दिली. मराठीला बरीच वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत एकदम आठ भारतीय भाषांची भर घातली, त्यात मराठी होती. हिंदी आधीपासून होती.

जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरचा एक नियम कडक होता: जो शब्द यादीत नाही, तो ते कधीच लिहू शकत नाही. तुम्ही शंभरदा बागेश्री म्हणा, यादीतला त्यातल्या त्यात जवळचा शब्दच येणार. अलीकडची सॉफ्टवेअर शब्दांऐवजी अक्षरांचे छोटे तुकडे जोडत जातात. त्यामुळे न ऐकलेला शब्दही त्यांना तत्त्वतः लिहिता येतो. तरी ओढा ओळखीच्या शब्दाकडेच असतो. भाग्यश्री हे नाव त्यांनी हजारदा वाचलेलं असतं, बागेश्री क्वचित. म्हणून शब्द कानावर घालण्याची गरज नव्या जमान्यातही उरतेच.

४. शेजारचा शब्द

काफी आणि कॉफी यांचा निकाल कसा लागतो, हे आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत.

ध्वनीवरून काफीला १० पैकी ७ गुण मिळाले, कॉफीला ६. बाईंचा उच्चार स्वच्छ आहे, त्यामुळे ध्वनीच्या परीक्षेत काफीच पुढे आहे. आता भाषेचा हिशेब. सर्वसाधारण मराठीत कॉफी किती वेळा येते? तिला ९ गुण. काफी? १ गुण. दोन्हींचा गुणाकार केला की काफी ७ वर राहते आणि कॉफी ५४ वर जाते. कॉफी लिहिली जाते.

इथे बाईंनी आणखी स्वच्छ बोलून काय साधेल? ध्वनीचे गुण ७ चे १० झाले, तरी गुणाकार १० च. उच्चार घासूनपुसून ही तफावत भरून निघत नाही.

पण समजा, सॉफ्टवेअरला 'काफी थाट', 'काफी थाटातला', 'काफी थाटाचे राग' असे शब्दगट ठाऊक करून दिले. आता 'थाट' शेजारी असताना काफीला ८ गुण आणि कॉफीला १. गुणाकार ५६ विरुद्ध ६. शिवाय 'एक कप' शेजारी असेल तेव्हा कॉफीचे गुण शाबूत राहतात, म्हणजे बाईंनी मध्येच घरी कॉफी मागवल्याचा निरोप सांगितला तरी तो बिघडत नाही.

माझं ठाम मत असं आहे की शब्दसंग्रह घडवताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. सुटा शब्द टाकू नये, तो ज्या शब्दांच्या सोबतीने तुमच्या तोंडी येतो ती सोबत टाकावी. 'पूर्वी' एवढंच टाकलंत तर मराठीतल्या नेहमीच्या 'पूर्वी'शी त्याचा काही फरकच उरत नाही. 'राग पूर्वी', 'पूर्वी थाट', 'पूर्वीतला तीव्र मध्यम' असं टाकलंत तर त्याला वेगळं अस्तित्व मिळतं. 'वादी' एकटा टाकला तर सॉफ्टवेअर त्याच्याशेजारी 'प्रतिवादी' शोधेल. 'वादी संवादी', 'वादी गंधार', 'वादी मध्यम' अशा जोड्या दिल्या की ते कोर्टातून बाहेर पडतं.

५. एका शब्दाची तीन रूपं

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळू. ड्रॅगनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकताना दोन चौकटी भराव्या लागतात: लिहायचं रूप आणि बोलायचं रूप. पैसे देऊन वापरायच्या काही ऑनलाइन सेवांमध्येही अशीच सोय असते. मराठीत काम करायचं तर याला तिसरी चौकट आपण मनाने जोडायची: प्रत्यय लागलेलं रूप.

लिहायचं रूप आधी पक्कं करावं. बागेश्री की बागेसरी? मालकंस की मालकौंस? भीमपलास की भीमपलासी? दरबारी कानडा की कान्हडा? दोन्ही रूपं चालतात, पण एका पुस्तकात एकच हवं. हा निर्णय सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही, आणि त्याला घेऊही देऊ नये. यादी करायला बसण्याआधी वहीत एकदा सगळी नावं लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे एकच शुद्धलेखन नक्की करावं.

बोलायच्या रूपाची चौकट उत्तरेतल्या गाण्याच्या वातावरणात फार उपयोगी पडते. पुस्तकात आपण षड्ज, ऋषभ, मध्यम, निषाद लिहितो. गाणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र खरज, रिखब, मद्धम, निखाद सर्रास येतात. लखनौत वाढलेल्या शिक्षकाच्या तोंडी तीच रूपं बसलेली असतील, तर जीभ बदलायची गरज नाही. बोलायचं रूप 'रिखब', लिहायचं रूप 'ऋषभ', अशी नोंद करून ठेवली की झालं. षड्जाचा उच्चार तर बोलताना बहुधा 'षडज' असा सुटा होतो, म्हणून 'सज्ज' उमटतं. 'षडज' हे बोलायचं रूप दिलं की ती चूक कमी होते.

मात्र एक भेद पाळायला हवा. आपलं पुस्तक सांगत असाल तर हे रूपांतर योग्य. एखाद्या वयोवृद्ध उस्तादांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली असेल आणि ती उतरवून घेत असाल, तर त्यांच्या 'निखाद'चं 'निषाद' करू नये. तिथे त्यांचा शब्द हाच दस्तऐवज आहे. त्यामुळे पुस्तकासाठी एक यादी आणि मुलाखतींसाठी वेगळी यादी ठेवावी.

आता प्रत्यय. इंग्रजी माहितीपुस्तिकांत याबद्दल काही सापडणार नाही, कारण इंग्रजीला ही अडचण येत नाही. मराठीत नाम क्वचितच मूळ रूपात बसतं. मारवा हा शब्द टाकला, पण बाई वाक्यात म्हणणार 'मारव्यात पंचम वर्ज्य', 'मारव्याचा वादी ऋषभ'. यादीत 'मारवा' आहे म्हणून सॉफ्टवेअरला 'मारव्यात' कळेलच असं नाही. मूळ शब्दाचा शेवटच बदललेला असतो. मालकंसचं मालकंसात, थाटचं थाटातला, यमनचं यमनाचा. बागेश्री, भैरवी, तोडी यांच्या बाबतीत प्रत्यय नुसता मागे चिकटतो, तरी 'तोडीत' आणि 'तोडीचा' ही रूपं स्वतंत्र टाकलेली बरी, कारण 'तोडीचा' ऐकल्यावर 'तोडीस तोड'मधला 'तोडीचा' शब्द सॉफ्टवेअरला जास्त ओळखीचा असतो.

प्रत्येक नामाची सगळी रूपं टाकायला गेलं तर यादी फुगते. म्हणून आपल्या लिखाणात जी रूपं खरोखर येतात तेवढीच घ्यावीत. रागाच्या नावाला बहुधा चा-ची-चे, त, तला, मध्ये आणि ला एवढे प्रत्यय लागतात. 'मारव्यांनी' कुणी म्हणत नाही.

६. स्वतःचा मजकूर

शब्दांची सोबत एकेक करून टाकण्यापेक्षा जवळचा रस्ता म्हणजे आपला आधीचा मजकूर सॉफ्टवेअरला वाचायला देणं. ड्रॅगनमध्ये अशी सोय आहे: तुमचे दस्तऐवज वाचून ते अनोळखी शब्द बाजूला काढतं, तुम्हाला दाखवतं, आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द तुम्ही वापरता याचा हिशेब सुधारतं. ड्रॅगन मराठीत आलेलं नाही, पण ही कल्पना मराठीसाठी सेवा उभारणारे तंत्रज्ञही वापरतात. आपल्या संस्थेसाठी कुणी अशी व्यवस्था करून देत असेल, तर त्याला शब्दांच्या यादीबरोबर निदान काही पानं सलग मजकूर द्यावा.

कोणता मजकूर द्यावा याचा विचार मात्र नीट करावा. मोह होईल तो भातखंड्यांच्याच ग्रंथांचा. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चारही भाग मूळ मराठीत आहेत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत, म्हणजे बोली वळणाचे आहेत. रागांची चर्चा तर त्यात खच्चून भरली आहे. पण त्या काळचं शुद्धलेखन वेगळं होतं. 'तें', 'असें', 'कांहीं' असे अनुस्वार तेव्हा लिहिले जात. १९६२ नंतर ते नियमांतून गेले. ती पानं जशीच्या तशी दिलीत तर सॉफ्टवेअर तुमच्या आजच्या वाक्यांतही अनुस्वार पेरायला लागेल. शिवाय छायाचित्रासारखी स्कॅन केलेली पानं म्हणजे मजकूर नव्हे. तुम्हाला अक्षरं दिसतात, यंत्राला ते नुसतं चित्र असतं.

म्हणून जुन्या ग्रंथांतून नावं आणि शब्दजोड्या घ्याव्यात. वाक्यं स्वतःची द्यावीत: वर्गातली टिपणं, प्रश्नपत्रिका, छापून आलेले लेख. तुमचं गाणं तुमच्या वाक्यांत कसं बसतं, हे दुसऱ्या कुणाच्या मजकुरातून कळत नाही.

७. जोर किती द्यायचा

काही सेवांमध्ये शब्दाला वजन देता येतं. गूगलच्या व्यावसायिक सेवेत ० ते २० असा आकडा देता येतो. आकडा मोठा, तेवढा तो शब्द लिहिण्याकडे कल जास्त. पोस्टमनला आपण सांगतो की नव्या बिऱ्हाडकरूंना पुष्कळ पत्रं येतात, त्यातलाच हा प्रकार. पण हे फार ठासून सांगितलं, तर तो जोश्यांची पत्रंही तिकडेच टाकायला लागतो.

बागेश्रीला भरमसाट वजन दिलं की वर्गाच्या हजेरीतली भाग्यश्री बागेश्री होते. ही चूक पहिल्यापेक्षा वाईट, कारण संगीताच्या मजकुरात बागेश्री दिसल्यावर तपासणाऱ्याचा डोळा तिथे थांबत नाही. 'कॉफी थाट' लगेच खटकतो. म्हणून वजन कमीपासून सुरू करावं आणि चूक उरली तरच वाढवावं. 'मध्यम', 'मात्रा', 'खाली' असे सर्वसाधारण मराठीतही वापरात असलेले शब्द वजन न देता जोड्यांनीच शिकवावेत.

ओपनएआयच्या 'व्हिस्पर'मध्ये वेगळी पद्धत आहे. ध्वनिफीत देताना सोबत थोडा लिखित मजकूर सूचना म्हणून देता येतो आणि त्यातले शब्द, शुद्धलेखन, विरामचिन्हं तो उचलतो. या सूचनेला २२४ तुकड्यांची मर्यादा आहे. देवनागरी लिपीत एकेका अक्षराला त्याचे एकाहून अधिक तुकडे लागत असल्यामुळे जागा लवकर संपते आणि मोजकेच शब्द मावतात. त्या दिवशी ज्या रागावर बोलणार, तेवढेच शब्द त्यात ठेवावेत. बागेश्रीच्या दिवशी मारव्याला जागा देऊ नये.

८. सा रे ग म

या सगळ्या विषयातली सर्वांत अवघड जागा म्हणजे स्वरलेखन. बाई म्हणतात "सा रे", पडद्यावर 'सारे' येतं. "ग रे" म्हटलं की फणसाचे 'गरे'. "म ध" चा 'मध', "म ग" चं 'मग', "ध नी" चा 'धनी', "सा प" चा 'साप'. बागेश्रीतली "म ध नी सा" ही ओळ अशी लिहिली जाते की काही अर्थच लागत नाही. एकाक्षरी शब्दांना स्वतःचा ध्वनी फार थोडा असतो, आणि दोन जोडले की मराठीत एखादा धडधाकट शब्द तयार होतो. सॉफ्टवेअर त्याच्याकडे धाव घेतं.

गाऊन दाखवलं तर कळेल का? नाही. पुरुष खर्जात बोलो की मूल चढ्या आवाजात, शब्द तोच राहतो. मराठीत आणि हिंदीत आवाजाच्या उंचीने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून श्रुतलेखनाचं सॉफ्टवेअर ही उंची बहुतांशी दुर्लक्षित करायलाच शिकलेलं असतं. भातखंड्यांचा कान जिच्यावर एकवटलेला असे, तीच गोष्ट हे यंत्र बाजूला ठेवतं. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांतला फरक त्याला गळ्यातून कळत नाही, 'कोमल' हा शब्द उच्चारावाच लागतो.

यावर एक उपाय आहे. 'कोमल गंधार' हे बोलायचं रूप आणि 'ग॒' हे लिहायचं रूप, अशा नोंदी करायच्या. स्वराखालची रेघ युनिकोडमध्ये वैदिक अनुदात्ताचं चिन्ह वापरून देता येते. 'तीव्र मध्यम', 'मंद्र निषाद', 'तार षड्ज' यांच्याही नोंदी होतात. रागाची ओळख पटवणारी दोनचार स्वरांची पकड सांगायला हे उत्तम. पण सोळा मात्रांच्या बंदिशीचं सबंध स्वरलेखन, त्यात मींड, कणस्वर आणि सम-खालीच्या खुणा, हे बोलून सांगण्यात अर्थ नाही. गद्य बोलून लिहावं, स्वरलेखन हाताने करावं. दोन्ही कामं एकाच साधनाने उरकण्याच्या हट्टात वेळ जातो.

९. सुधारणा झाली हे कसं ओळखायचं

यादी केली, वजनं दिली. आता फरक पडला की नाही? 'बरं वाटतंय' यावर विसंबू नये. आपल्या विषयातली वीसेक वाक्यं एकदा ध्वनिमुद्रित करावीत आणि तीच ध्वनिफीत यादी टाकण्याआधी आणि नंतर सॉफ्टवेअरला ऐकवावी. दोन्ही वेळा पुन्हा बोललात तर आवाजातला फरक मध्ये येतो.

चुका मोजण्याची रूढ रीत सोपी आहे. बदललेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द मोजायचे, बेरजेला मूळ वाक्यातल्या शब्दांनी भागायचं. आपल्या वाक्यात १३ शब्द. चुकले ३: भाग्यश्री, कॉफी, सज्ज. म्हणजे सुमारे २३ टक्के चूक. ऐकायला बरं वाटतं, चार शब्दांतले तीन बरोबर! पण 'हा', 'असून', 'आणि', 'आहे' बरोबर आल्याने विद्यार्थ्याच्या पदरात काय पडलं? फक्त विषयाचे शब्द मोजा: बागेश्री, काफी, थाटातला, राग, वादी, मध्यम, संवादी, षड्ज. आठपैकी तीन चुकले, ३७ टक्क्यांहून अधिक. रागाचं नाव गेलं, थाट गेला, संवादी स्वर गेला. सॉफ्टवेअर विकणारा पहिला आकडा सांगतो. आपण दुसरा काढावा.

ध्वनिफितीत चारपाच वाक्यं मुद्दाम साधी, घरगुती घालावीत. भाग्यश्रीची हजेरी, कॉफीचा कप, कल्याणची लोकल. यादी टाकल्यावर ही बिघडली, तर वजन जास्त झालं आहे.

१०. हातातल्या फोनवर

फोनच्या कीबोर्डमध्ये 'वैयक्तिक डिक्शनरी' असते, तिच्यात शब्द टाकून पुष्कळजण वाट पाहत बसतात. ती मुख्यतः टाइप करताना शब्द सुचवण्यासाठी असते. बोलून लिहिताना तिचा उपयोग होईलच असं नाही. मोफत सोयींमध्ये शब्दसंग्रहात भर घालण्याची वाट बहुधा नसते. तिथे काम मजकूर उमटल्यानंतर करावं लागतं, 'शोधा आणि बदला'ने. तिथेही सुटा शब्द बदलू नये. 'कॉफी'ऐवजी सगळीकडे 'काफी' करण्यापेक्षा 'कॉफी थाट' शोधून 'काफी थाट' करावं. 'संवादी सज्ज' शोधून 'संवादी षड्ज' करावं. चौथ्या भागात केलेल्या जोड्याच इथे कामी येतात.

यादी सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवून विसरू नये. एका साध्या तक्त्यात, युनिकोडमध्ये, ती वेगळी जपावी: लिहायचं रूप, बोलायचं रूप, प्रत्ययाची रूपं, दोन नमुना वाक्यं आणि कोणत्या शब्दाशी गल्लत होते ते. सॉफ्टवेअर बदललं, फोन बदलला, तरी तक्ता हाताशी राहतो. लखनौतल्या हिंदीतून शिकवणाऱ्या सहकाऱ्याला तो द्यायचा झाला, तर प्रत काढून आधी लिहायची रूपं बदलावी लागतील. तोडी तिथे नुक्ता घेऊन तोड़ी होते, ख्यालाचा ख़याल होतो, मालकंस मालकौंस होतो. प्रत्ययांचा रकाना रिकामा करता येतो, कारण हिंदीत 'का', 'में', 'से' सुटे लिहिले जातात. गल्लतीचा रकाना मात्र नव्याने भरावा लागतो: हिंदीत 'काफ़ी' म्हणजे पुष्कळ, आणि तो शब्द तिथे वारंवार भेटतो.